फळमाशीच्या अंड्यात नर्स सेल रिकाम्या होतात तेव्हा ॲक्टिन पिळतं की धरून ठेवतं?

फ्लायरूम_पुणे:

नमस्कार मंडळी. एमेस्सीचं दुसरं वर्ष, डिझर्टेशन फळमाशीवर आहे. माझा विषय खरंतर अंडी नाहीच, एक्स क्रोमोसोमवरचं एक लीथल (जीवघेणं) म्युटेशन सांभाळायचंय आणि त्यासाठी एफएम७सी बॅलन्सर, म्हणजे असं म्युटेशन पिढ्यान्‌पिढ्या हरवू न देणारा खास क्रोमोसोम, असलेला स्टॉक मिळालाय. तर व्हायल (माश्या ठेवायची बाटली) बदलताना असं दिसलं की काही माद्यांचे डोळे अगदी चिरेसारखे अरुंद आहेत, रंग जर्दाळूसारखा, आणि पाठीवरचे केस वाकडे, गाठी पडल्यासारखे. म्हणजे बॅलन्सरच्या दोन्ही कॉपी असलेल्या माद्या हे कळलं. सहज म्हणून त्यांना चांगल्या नरांबरोबर वेगळं ठेवलं तर आठवडा झाला तरी व्हायलमध्ये एक अळी नाही. शेवटी एकीचं पोट उघडून बघितलं तर अंडाशय आहेत, भरलेले पण आहेत, पण शेवटची अंडी आखूड, नेहमीच्या निम्म्याएवढीच वाटतात, आणि पुढच्या टोकाला काहीतरी गोळा तसाच चिकटून राहिलेला.

गाईडना दाखवलं, ते म्हणाले हे सिंज्ड नावाच्या जीनमुळे आहे, वाच. वाचायला घेतलं आणि गोंधळ वाढला. आमच्याकडे वर्षानुवर्षं फिरत आलेल्या नोट्स आहेत त्यात स्पष्ट लिहिलंय की अंड्याच्या वाढीच्या स्टेज १० ला नर्स सेलमध्ये, म्हणजे अंड्याला पोसणाऱ्या पेशींमध्ये, ॲक्टिन या धागे बनवणाऱ्या प्रोटीनच्या केबल्स तयार होतात, त्या आकुंचन पावतात आणि पेशीतलं सगळं द्रव्य अंड्यात पिळून टाकतात. परीक्षेत मी हेच लिहून मार्क पण घेतलेत. आणि आता एका रिव्ह्यूमध्ये वाचलं की केबल्स पिळत बिळत नाहीत, त्या फक्त केंद्रकाला जागेवर धरून ठेवतात.

मग खरं काय? आणि केबल्स जर फक्त धरूनच ठेवत असतील तर ढकलतं कोण? आणि केसांचा नि अंड्याचा संबंध काय, एकाच जीनमुळे दोन्ही कसं बिघडतं? कोणी नीट समजावून सांगेल का, मराठीत सांगितलं तर फार बरं होईल, इंग्लिशमध्ये वाचून वाचून डोकं भणभणलंय.


रात्रीचा_कॉन्फोकल:

आधी तुझ्या माशीचं सांगतो. एफएम७सी मध्ये मुद्दामच सिंज्डचं एक्स-टू नावाचं अलील, म्हणजे जीनचं एक बिघडलेलं रूप, घातलेलं असतं, त्यामुळे दोन्ही कॉपी असलेली मादी जगते पण वांझ राहते आणि स्टॉक बॅलन्सरनेच भरून जात नाही. म्हणजे जगभरच्या कितीतरी फ्लाय लॅबमध्ये रोज डोळ्यासमोर हा प्रयोग चालू असतो आणि लोक त्या माद्या सरळ अल्कोहोलच्या बाटलीत टाकून देतात. तू उघडून बघितलीस हे फार चांगलं केलंस.

आता मूळ गोष्ट. अंडाशयाच्या टोकाला एक स्टेम सेल विभागते, तिची एक लेक चार वेळा विभागते आणि १६ पेशी होतात. पण या विभागण्या पूर्ण होत नाहीत, मधली दारं उघडीच राहतात, अशी १५ दारं. त्यांना रिंग कॅनाल म्हणतात. १६ पैकी एकच पेशी अंडं होते, बाकीच्या १५ नर्स सेल, म्हणजे या सगळ्या सख्ख्या बहिणी आणि पंधरा जणी मिळून एकीला वाढवणार. आरएनए, रायबोसोम, मायटोकॉन्ड्रिया, प्रोटीन सगळं बनवून त्या दारांतून तिच्याकडे पाठवत राहतात. आधी बरेच दिवस हे हळूहळू चालतं, आणि मग स्टेज ११ ला एकदम सगळं उरलंसुरलं ओतून टाकतात, यालाच डम्पिंग म्हणतात. त्यातला जोराचा भाग अर्ध्या तासाच्या आसपास उरकतो आणि तेवढ्यात अंड्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. मग नर्स सेल मरतात. तुला जो पुढचा गोळा दिसला तो म्हणजे न रिकाम्या झालेल्या नर्स सेल, आणि अंडं आखूड राहिलं कारण शेवटचा मोठा वाटा त्याला मिळालाच नाही.

आता केबल्स. तुझ्या नोट्समधली समजूत एके काळी सगळ्यांचीच होती आणि ती तर्काला धरून पण होती, ॲक्टिन दिसलं, पेशी आक्रसताना दिसली, मग ॲक्टिनच ओढत असणार. पण १९९७ मध्ये एका गटाने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली केबल बारकाईने बघितली तेव्हा कळलं की केबल सलग दोरी नसतेच. साधारण ३ मायक्रॉन लांबीचे छोटे छोटे जुडगे एकमेकांवर टोकं चढवून जोडलेले असतात. आणि डम्पिंग होताना पेशी लहान होते तसे हे जुडगे एकमेकांवरून आपोआप सरकतात, दुर्बिणीच्या नळ्या एकात एक जाव्यात तसे, आणि केबल आखूड होते. ती स्वतः ओढत नाही, पेशी लहान होतेय म्हणून तिला आखूड व्हावं लागतं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यातलं चित्र पूर्ण उलटं झालं होतं.

मग केबल कशाला? नर्स सेलचं केंद्रक प्रचंड असतं, कारण विभागणी न होता डीएनएच्या शेकडो प्रती होत राहतात. आणि रिंग कॅनाल शेवटी शेवटी साधारण १० मायक्रॉनचा. आता मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि जाळीवर प्लास्टिकची पिशवी येऊन बसली तर काय होतं? बस, तेच. द्रव्य दाराकडे धावतं, त्याच्याबरोबर केंद्रक धावतं आणि भोकावर बुचासारखं बसतं. केबल्स पेशीच्या कडेपासून केंद्रकापर्यंत सगळ्या बाजूंनी टेकू दिल्यासारख्या उभ्या राहतात म्हणून ते दारापर्यंत पोचत नाही. २०१३ मध्ये केंब्रिजच्या गटाने असंही दाखवलं की केबल्स वाढता वाढता केंद्रकाला दारापासून दूर ढकलतात पण, नुसत्या धरून ठेवतात असं नाही.

पुरावा जीन्सचाच आहे. येल विद्यापीठात लिन कूली यांच्या लॅबने १९९२ मध्ये चिकाडी हा जीन प्रोफिलिन बनवतो हे दाखवलं, १९९४ मध्ये सिंज्ड म्हणजे फॅसिन आणि क्वेल म्हणजे व्हिलिनसारखं प्रोटीन हे पण. प्रोफिलिन ॲक्टिनची वाढ सांभाळतं, फॅसिन आणि क्वेल धाग्यांना एकत्र बांधून जुडगे करतात. तिन्हींत बिघाड एकच, केबल होत नाही किंवा विस्कळीत होते, केंद्रक जाऊन दारात अडकतं, डम्पिंग थांबतं. म्हणून या माद्यांना डम्पलेस म्हणतात. आणि मला सगळ्यात आवडलेला प्रयोग म्हणजे १९९८ चा: फॅसिन नसलेल्या माशीत क्वेल जास्त प्रमाणात तयार करायला लावलं तर तिचं काम बरंचसं भागलं. म्हणजे बांधणारं कोण याला तेवढं महत्त्व नाही, धागे घट्ट बांधले जाणं महत्त्वाचं.

केसांचं उत्तर पण यातच आहे. माशीच्या केसाच्या आत पण ॲक्टिनचे समांतर जुडगे असतात आणि तेही फॅसिनने बांधलेले. बांधणी सुटली की केस सरळ वाढत नाही, वाकतो, ज्योतीजवळ धरल्यावर आपला केस आखडतो ना तसा दिसतो, म्हणून नाव सिंज्ड. सिंज्डची काही अलील फक्त केस बिघडवतात, काही मादीला वांझ पण करतात. केस तर लोकांना शंभरेक वर्षांपासून माहीत होते, अंड्यातलं कारण खूप नंतर कळलं.


पेशी_पेशी:

वरचं उत्तर छान आहे पण एक गोष्ट राहून जातेय आणि तिच्यामुळेच गोंधळ होतो असं मला वाटतं. केबल पिळत नाही हे कबूल, पण म्हणून ॲक्टिन पिळतच नाही असं नाही. पेशीत ॲक्टिन दोन ठिकाणी आहे, आतल्या केबल्स वेगळ्या आणि पेशीच्या पडद्याखालचा थर वेगळा. त्या थरात मायोसिन-२, म्हणजे ॲक्टिनच्या धाग्यांना ओढणारं प्रोटीन, पण आहे आणि मायोसिन असलं की आकुंचन होऊ शकतं.

१९९५ मध्ये स्पॅगेटी स्क्वॉश म्हणजे मायोसिनची रेग्युलेटरी लाइट चेन बिघडवून बघितलं, तेव्हा केबल्स व्यवस्थित, केंद्रक जागेवर, दारं मोकळी, तरी डम्पिंग नीट होत नाही. म्हणजे सगळं मोकळं असून जोर नाही. तुझ्या नोट्स लिहिणाऱ्याने बहुतेक या दोन गोष्टी एकात केल्या असाव्यात. परीक्षेत काय लिहायचं विचारशील तर मी लिहीन: केबल वाट मोकळी ठेवते, कडेचा थर जोर लावतो.


भौतिकी_सोलापूर:

मी बायोलॉजीचा नाही, फिजिक्स शिकवतो, पण या विषयाशी माझी गाठ एका वेगळ्याच वाटेने पडली आणि तेव्हापासून मी जो भेटेल त्याला सांगत असतो, तर इथे पण सांगतो.

वर म्हटलंय कडेचा थर जोर लावतो. अर्धवट बरोबर आहे. २०२१ मध्ये एमआयटीच्या लोकांनी, त्यात बायोलॉजीवाले पण होते आणि गणितवाले पण, जिवंत अंडकोशाचं, म्हणजे अंडं, त्याच्या नर्स सेल आणि भोवतीच्या पेशी मिळून होणाऱ्या कोशाचं, चित्रण करून प्रत्येक नर्स सेलचं आकारमान वेळेनुसार मोजलं. आणि निघालं असं की बहुतेक सगळं द्रव्य मायोसिनच्या जोरात काही बदल व्हायच्या आधीच अंड्यात गेलेलं असतं. मग ते कशाने गेलं? तर दोन फुग्यांच्या प्रयोगाने.

हा प्रयोग मी वर्गात दरवर्षी करतो. दोन सारखे फुगे घ्या, एक मोठा फुगवा, एक छोटा, आणि नळीने जोडून मधली चिमटी सोडा. पोरांना विचारलं तर सगळी म्हणतात मोठ्यातली हवा छोट्यात जाणार आणि दोन्ही सारखे होणार. होतं उलटं, छोटा आणखी छोटा होतो आणि त्यातली हवा मोठ्यात जाते. कारण पृष्ठताण सारखा असेल तर आतला दाब त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, यंग-लाप्लासचा नियम. लहान गोळ्यात दाब जास्त. आता अंडं सगळ्यात मोठं, नर्स सेल लहान, मधे दारं उघडी. द्रव्य आपसूक अंड्याकडे जाणार. थरात जो मुळातला ताण असतो तेवढाच पुरतो, वेगळं पिळायची गरज नाही.

पण एका टप्प्यावर हे अडतं. नर्स सेल रिकामी होत होत तिचं आकारमान केंद्रकाएवढं व्हायला आलं की आत मोठा दगड असलेल्या पिशवीसारखी गत होते, आता नुसत्या ताणाने पाणी निघत नाही. तेव्हा कुठे मायोसिनचं काम लागतं. पेशीच्या पृष्ठभागावरून आकुंचनाच्या लाटा फिरतात आणि उरलेलं ढकलून काढतात. टूथपेस्ट संपत आली की ट्यूब खालून दाबत आणतो तसं म्हणा. म्हणजे १९९५ चं निरीक्षण खोटं नाही, मायोसिन नसेल तर डम्पिंग पुरं होत नाही हे खरंच आहे, फक्त मायोसिन सुरुवात करत नाही, शेवट करतं.

मला यातलं काय भावलं सांगू का, इतकी वर्षं हजारो लोकांनी फळमाशीचं अंडं बघितलं आणि प्रश्न नेहमी कोणतं प्रोटीन असाच विचारला, आणि उत्तराचा एक मोठा तुकडा बारावीच्या पृष्ठताणाच्या धड्यात होता.


फ्लायरूम_पुणे:

काय बोलू, तिघांनी मिळून माझं डोकं जागेवर आणलंत. आधीच्या सगळ्या वाचनात दोन फुगे कुठेच आले नव्हते. कॉन्फोकल दादा, एक्स-टूचं मी आमच्या स्टॉकच्या यादीत बघितलं, खरंच लिहिलेलं आहे, इतके महिने त्या ओळीकडे बघत होते.

आता मला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय, केंद्रक दारात अडकलेलं. काल प्रयत्न केला. अंडाशय काढले, ॲक्टिन लाल दाखवणारं फॅलॉइडिन आणि डीएनए निळा दाखवणारं डॅपी लावलं. डॅपी मस्त दिसलं, निळे गोळे चमकतायत, पण फॅलॉइडिनचा लाल रंग जवळजवळ शून्य. म्युटंटमध्ये केबल नाही म्हणून नसेल असं आधी वाटलं पण कंट्रोलच्या साध्या माश्यांमध्ये पण काहीच नाही, रिंग कॅनाल पण नाहीत, कडा पण नाहीत. फॅलॉइडिन नवीन आहे, दोन आठवड्यांपूर्वीच उघडलंय. शेजारच्या लॅबमधून प्रोटोकॉल घेतला होता, त्यात फिक्स करून रात्रभर मेथेनॉलमध्ये उणे वीसला ठेवायचं होतं, तसंच केलं. काय चुकलं असेल? माश्या गोळा करायला चार दिवस गेले, पुन्हा वाया घालवायचे नाहीत.


रात्रीचा_कॉन्फोकल:

मेथेनॉल! तो प्रोटोकॉल मायक्रोट्यूब्युलसाठीचा (ट्यूब्युलिन प्रोटीनच्या, पेशीतल्या पोकळ नळ्या) किंवा साध्या अँटिबॉडीसाठीचा असणार. फॅलॉइडिन ॲक्टिनच्या धाग्यावर बसतं ते धाग्याची घडण शाबूत असली तरच, मेथेनॉल ती घडण मोडतं आणि मग फॅलॉइडिनला बसायला जागाच उरत नाही. ट्यूब्युलिनच्या अँटिबॉडीला मेथेनॉल चालतं, म्हणून शेजारच्यांचं काम होत असेल. तुझं फॅलॉइडिन चांगलं आहे, टाकून देऊ नकोस.

आणि फिक्स कशात केलंस ते पण बघ. कपाटातली ३७ टक्क्यांची फॉर्मॅलिनची बाटली असेल तर त्यात टिकण्यासाठी मेथेनॉल घातलेलंच असतं. मेथेनॉल नसलेलं फॉर्मल्डिहाइड घे, सीलबंद काचेच्या ॲम्प्यूलमध्ये मिळतं, ४ टक्के कर, १५-२० मिनिटं खोलीच्या तापमानाला पुरे. मग पीबीएसमध्ये (खारं बफर द्रावण) ट्रायटन (साबणासारखं डिटर्जंट) घालून धुवायचं आणि त्यातच फॅलॉइडिन, अंधारात. उणे वीस, मेथेनॉल, अल्कोहोल काहीही मधे येऊ द्यायचं नाही.

आता माश्यांचं. नुसत्या साध्या खाद्यावरच्या माद्यांत हव्या त्या स्टेज कमीच मिळतात. ताज्या बाहेर पडलेल्या माद्या थोड्या नरांबरोबर ठेव आणि यीस्टची घट्ट पेस्ट व्हायलच्या भिंतीवर लाव, दोन दिवसांत अंडाशय इतके फुगतात की पोट पांढरं दिसायला लागतं. उघडताना एका चिमट्याने छातीपाशी धर आणि दुसऱ्याने पोटाचं शेवटचं टोक हळूच ओढ, दोन्ही अंडाशय बाहेर येतात, केळ्याच्या फण्यासारखे. प्रत्येकात अंडकोशांच्या १६-२० माळा असतात, त्या सुईने अलगद विंचरून मोकळ्या कर, त्यांच्यावर स्नायूचं आवरण असतं आणि ते आकुंचन पावत असतं, बघशील तर अंडाशय श्वास घेतोय असं वाटतं. न विंचरता फिक्स केलेस तर रंग आत जाणार नाही.

आणि शोधायचं काय, तर स्टेज १० बी. अंडं कोशाचा निम्मा भाग व्यापतं आणि अंडं व नर्स सेल यांच्या मधल्या सीमेवर फॉलिकल पेशी, म्हणजे कोशाभोवतीच्या पेशी, बाहेरून आत शिरायला लागलेल्या दिसतात. साध्या माशीत इथे केबल्स बघ, कडेपासून केंद्रकापर्यंत अशा रांगा, पहिल्यांदा दिसल्या की विसरत नाहीस. स्टेज ११ फार लवकर निघून जाते म्हणून साध्या माशीत ती क्वचित सापडेल, निराश होऊ नकोस. म्युटंटमध्ये मात्र सगळंच तिथे अडकून पडलेलं असतं त्यामुळे तुला भरपूर मिळतील.


जीवशास्त्र_सर_सांगली:

चर्चा वाचून फार आनंद झाला. मी ज्युनियर कॉलेजला शिकवतो. एक विचारतो, इथे सगळं ॲक्टिनबद्दल चाललंय, पण सायटोस्केलेटन, म्हणजे पेशीचा सांगाडा, म्हटलं की मायक्रोट्यूब्युल पण आले. १६ जणी सख्ख्या बहिणी, सगळ्यांचा डीएनए तोच, मग अंडं कोणी व्हायचं हे ठरतं कसं? यात मायक्रोट्यूब्युलचा काही भाग आहे का? पोरं हा प्रश्न विचारतात आणि मी पुढच्या वर्गात कळेल म्हणून टाळत आलोय, आता टाळायचं नाही असं ठरवलंय.


मिशिगनवासी:

सर, प्रश्न अगदी गाभ्याचा आहे. मी इथे पोस्टडॉक आहे, काम मायक्रोट्यूब्युलवरच, त्यामुळे जरा लांबेल.

१६ पैकी दोघींनाच चार-चार दारं असतात, बाकीच्यांना कमी. या दोघींतली एक अंडं होते. विभागण्या होताना दारांमधून एक फांद्या फुटलेली वस्तू जाते, फ्यूझोम, तीही सायटोस्केलेटनच्याच प्रोटीनची, स्पेक्ट्रिन वगैरे. ती सुरुवातीपासूनच असमान वाटली जाते आणि तिच्या आधाराने मायक्रोट्यूब्युलची मांडणी अशी होते की सगळे रस्ते एकाच पेशीकडे जातात. त्या रस्त्यांवरून डायनीन नावाची मोटर आरएनए आणि प्रोटीन ओढत त्या एकीकडे नेते. जिच्याकडे सगळं जमतं ती अंडं.

आणि रस्ते मोडले तर? १९८३ मध्ये माश्यांना कोल्चिसिन खायला घालून बघितलं. कोल्चिसिन मायक्रोट्यूब्युल बनू देत नाही. १६ च्या १६ नर्स सेल झाल्या, अंडं कुणीच नाही. सर, पोरांना सांगताना हे जरूर सांगा की कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीच्या कंदात असतं तेच, पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणावर चढलेली लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं. जुन्या काळी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून ती वापरायचे म्हणून नाव कळलावी, आणि ती जीवघेणी विषारी आहे हेही त्याच दमात सांगा. बीएस्सीला कांद्याच्या मुळाच्या प्रॅक्टिकलला पेशी मधल्या अवस्थेत थांबवायला जे वापरतात ते पण हेच.

पुढे अंडं मोठं झालं की मायक्रोट्यूब्युलचं दुसरं काम, दिशा ठरवणं. अळीचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे फळमाशीत आईच्या पोटातच ठरतं. बायकॉइड या जीनचा आरएनए पुढच्या टोकाला, ऑस्करचा मागच्या टोकाला आणि गुरकेनचा पाठीच्या बाजूच्या कोपऱ्यात. बायकॉइड आणि गुरकेनला डायनीन नेतं, ऑस्करला कायनेसिन ही दुसरी मोटर. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना एडवर्ड लुईस यांच्याबरोबर १९९५ चं नोबेल मिळालं ते माशीच्या गर्भाची आखणी कोणते जीन करतात या कामासाठी.

ऑस्करबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांना वाटायचं मागच्या टोकाकडे सरळ रूळ टाकलेले असतील आणि ऑस्कर गाडीसारखा जात असेल. २००८ मध्ये केंब्रिजमध्ये एकेक कण जिवंत अंड्यात बघितला तेव्हा दिसलं की कण सगळ्या दिशांना पळतात, फक्त मागे जाणाऱ्यांचं पारडं किंचित जड, साधारण ५७ टक्के मागे आणि ४३ टक्के पुढे. एवढ्याशा झुकावाने, तासन्‌तास चालत राहिलं की जवळजवळ सगळा ऑस्कर मागे जमतो. आम्ही कोल्हापूरकर जोतिबाच्या यात्रेत चालत जातो तेव्हा गर्दीत चार पावलं पुढे आणि तीन मागे होतात पण डोंगरावर पोचतोच, मला ते आठवलं.

केंद्रक पण मायक्रोट्यूब्युलच हलवतात. अंड्याचं स्वतःचं केंद्रक मागून पुढच्या एका कोपऱ्यात जातं आणि तो कोपरा म्हणजे पाठ. ते ओढलं जातं असा समज होता, २०१२ मध्ये दाखवलं की मागून वाढणारे मायक्रोट्यूब्युल त्याला ढकलतात. म्हणजे बघा, नर्स सेलमध्ये ॲक्टिन केंद्रकाला ढकलून दारापासून दूर ठेवतं आणि अंड्यात मायक्रोट्यूब्युल केंद्रकाला ढकलून कोपऱ्यात नेतात.

आणि दोन्ही सांगाडे वेगवेगळे वागत नाहीत. अंड्यात ॲक्टिनची एक विरळ जाळी असते, कॅपुचिनो आणि स्पायर ही प्रोटीनं ती विणतात. जाळी आहे तोवर आतलं द्रव्य संथ. ती स्टेज १० बी ला मोडते आणि मग मायक्रोट्यूब्युल आणि कायनेसिनच्या जोरावर सगळं द्रव्य गरागरा फिरायला लागतं, नर्स सेलमधून आलेला माल नीट मिसळावा म्हणून. कॅपुचिनो किंवा स्पायर बिघडलं तर हे ढवळणं वेळेआधीच सुरू होतं आणि ऑस्कर जागेवर बसतच नाही. डाळ शिजायच्या आधीच रवी घातली तर जे होतं ते.


पेशी_पेशी:

मिशिगनवासी, जोतिबाचं उदाहरण मी उद्याच वापरणार.

फ्लायरूमताई, वेळ मिळाला तर आणखी एक धागा बघ. २००८ मध्ये बाल्टिमोरच्या कार्नेगी संशोधन संस्थेत टूटल आणि स्प्राडलिंग यांनी दाखवलं की प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम नसेल तर नर्स सेलमधलं ॲक्टिन बिघडतं आणि डम्पिंग होत नाही, आणि अंडकोश बाहेर काढून माध्यमात ॲस्पिरिनच्या जातीचं औषध टाकलं तरी तेच. ज्या रेणूंमुळे आपल्याला ताप येतो, सूज येते, तेच माशीच्या अंड्यात ॲक्टिनला वेळ झाली म्हणून सांगतात. पुढे त्या साखळीत फॅसिन पण आलं, म्हणजे तुझं सिंज्डच.

आणि कोणी विचारलंच की माशीचं कळून आपल्याला काय, तर उंदरात पण अंडपेशी अशाच जोडलेल्या घोळक्यात वाढतात आणि बहिणी आपलं द्रव्य आणि ऑर्गनेल एकीला देऊन मरतात, हे २०१६ मध्ये दाखवलंय.


फ्लायरूम_पुणे:

नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा, माश्या मोठ्या व्हायची वाट बघत होते.

मेथेनॉल नसलेलं फॉर्मल्डिहाइड शेवटी दुसऱ्या डिपार्टमेंटमधून एक ॲम्प्यूल मागून आणलं. यीस्ट लावलं, दोन दिवस ठेवलं, दादांनी सांगितलं तसं विंचरलं आणि आवरण आकुंचन पावताना खरंच दिसलं, मी पाच मिनिटं काम थांबवून तेच बघत बसले. काल संध्याकाळी कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर दोन तासांचा स्लॉट मिळाला.

साध्या माशीत स्टेज १० बी चे चार कोश मिळाले. केबल्स आहेत. काय दिसतात, केंद्रकाच्या काळ्या गोल जागेभोवती चहूबाजूंनी कडेपासून निघालेल्या लाल रेघा, आणि मधे मधे रिंग कॅनाल, जाड लाल बांगड्यांसारखे. झूम केल्यावर रेघ सलग वाटत नाही, जरा तुटक-तुटक भासते, ते १९९७ चे जुडगे असतील की माझ्या डोळ्यांचा भास हे सांगता येत नाही, एवढं रिझोल्यूशन नाहीये.

मग बॅलन्सरवाली मादी लावली. कडेचा थर आहे, रिंग कॅनाल आहेत, पण आतल्या रेघा नाहीत, थोडे तुटके विस्कटलेले तुकडे फक्त. आणि तिसऱ्या कोशात अंड्याला लागून असलेल्या नर्स सेलमध्ये, एकेक थर खाली जात जात, एक लाल बांगडी आली आणि बांगडीच्या तोंडात निळं केंद्रक. नुसतं टेकलेलं नाही, त्याचं एक टोक चेंबटून बांगडीच्या आत शिरलंय, अंड्याच्या बाजूला निमुळतं होऊन. मागची अख्खी पेशी भरलेलीच.

स्लॉट संपायला दहा मिनिटं होती. गाईडना फोन केला, ते स्कूटरवर आले, बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. आम्ही त्या कोशाचा पूर्ण झेड-स्टॅक, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकेक थराचा फोटो, घेतला, पुढच्या मुलाने त्याच्या वेळेतली पंधरा मिनिटं दिली. आता नोट्सच्या त्या पानावर चिठ्ठी लावून दुरुस्ती लिहून ठेवलीये आणि शेजारी हा फोटो चिकटवणार आहे, पुढच्या बॅचला तरी सुरुवातीलाच दिसेल.